खोक्यावरची ओळ

सोमवार, ३ मार्च

चौदा ओळी उडवल्या! झटपट सूपच्या खोक्यावरचा मजकूर तपासायचं काम माझं, आणि कात्री चालवतो मार्केटिंगचा साहेब. तोंड उघडलं की 'ग्राहकाची सोय', म्हणून मी त्याला सोयराव म्हणते. लोकांना वाचायला वेळ नाही म्हणे, चित्रं टाका. शिजवायला वेळ नाही, वाचायला वेळ नाही – मग दिवसभर करतात तरी काय? डोंबलाची सोय!

मंगळवार, ४ मार्च

आज 'यात शेंगदाणा आहे' ही ओळसुद्धा काढायला निघाला होता. डोळ्यांना खुपते म्हणे! माझ्या ताईला शेंगदाण्याचा कण गेला तरी घसा सुजतो. कडाकडा भांडले. टेबलावर हात आपटला, त्याचा चहा सांडला. शेवटी ओळ राहिली, पण समोरून हलवून कडेच्या पट्टीवर. असू दे. आहे ना, बस्स.

शुक्रवार, ७ मार्च

छपाईच्या कागदावर सही केली. टेबलावर कागद पसरून, भिंग घेऊन, एकेका अक्षरावर बोट ठेवून तपासला. अकरा वर्षांत माझ्या हातून चूक सुटलेली नाही. ती ओळ ठसठशीत दिसतेय, सोयरावाच्या नाकावर टिच्चून!

रविवार, ६ एप्रिल

ताई दवाखान्यात. सूप प्यायली – आमचंच! श्वास अडकला, दाजींनी उचलून नेलं. धोका टळलाय, पण अजून आवाज फुटत नाही.

इतकी घाबरले होते, आणि तिला बघितल्यावर नुसता संताप आला. जन्माचं दुखणं, चाळिशी उलटली, आणि बाईसाहेबांना एक ओळ वाचायचा कंटाळा! हीसुद्धा त्यातलीच – फाडा, ओता, प्या. दाजी गप्प करत होते तरी मी थांबले नाही. तिने कागद मागून लिहिलं, "सगळं वाचलं होतं गं."

"खोटं बोलू नकोस," मी म्हटलं. तिने भिंतीकडे तोंड केलं.

सोमवार, ७ एप्रिल

ताईच्या स्वयंपाकघरातून ते खोकं आणलं, तिच्यापुढे नाचवायला. चारी बाजू पाहिल्या. वर, खाली पाहिलं. ओळ नाही.

कडेची पट्टी दुमडून आत चिकटवलेली. नखाने उचकटली. ओळ डिंकाखाली होती.

सही करण्याआधी मी त्या कागदाची घडी घालून पाहिलीच नव्हती. ताई खरं सांगत होती.