आठ दिवसांची शिदोरी

मस्कत, ऑगस्ट १९७८

माय,

तुया पायावर डोकं ठेवतो. मी सुखरूप पोचलो. लहान्या सत्यभामाले म्हण, पत्र हळूहळू वाचून दाखव, गाळू नोको.

माय, विमान म्हणजे नवलच! भंडाऱ्याहून मुंबईले जाले रेल्वेत अख्खी रात्र अन् वरून अर्धा दिवस गेला. मस्कत त्याहूनबी कितीतरी दूर, मंधात सारा समुद्र. अन् विमानानं तीन तासांत उतरवून देलं! तेवढ्यात आपली बैलबंडी दिघोरीहून अड्याळच्या बाजारातबी पोचत नाई. एवढा मोठा समुद्र, पण वरून आपल्या गावच्या तलावावानी गप दिसे.

तू म्हणली होती, "एवढ्या दूर जाऊन राहिला, वाटंत उपाशी राहू नोको," अन् आठ दिवसांच्या तिखट पुऱ्या बांधून देल्या. विमानात तर बाईनं जेवणाचं ताट हातात आणून देलं. ते संपते न संपते तं विमान खाली! संगातले लोक तुयं गाठोडं पाहून हासले. मीबी हासलो.

इथं काम चांगलं आहे. भातबी भेटते, फक्त दाणा लांब असते, हाताले ओळखीचा लागत नाई. म्हणून रोज कामावरून आलो का तुया पुऱ्या खाल्ल्या. काल सरल्या.

तुया गुडघा कसा आहे? धानाचा रोवणा आटोपला काय?

माय, तुया अंदाज बरोबर होता. विमान तीन तासांत पोचलं. मले पोचाले आठ दिवस लागले.

तुया,
डोमा