आढीत न पिकणारं पपनस

२० ऑगस्ट
तोडणार म्हणे! माझं पपनस! सुशांतदादाच्या होमस्टेला येणाऱ्या गाड्या लावायला जागा हवी, आणि अख्ख्या परसात बाबांना नेमकं तेवढंच झाड दिसलं. "आंबट्ट आसा गो ता. कोण खाता?" सातवीत असताना त्याची बी मी रुजत घातलेली. विचारलं कुणी मला?

२१ ऑगस्ट
आज भांडलेच. दरवर्षी चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीत टांगायला फळं हिरवी काढायची, उरलेली आंब्यासारखी आढीत घालायची, साल पिवळी झाली की चाखून तोंड वाकडं करायचं – यात झाडाचा काय दोष? बाबा जन्मभर हापूस पिकवत आले. त्यांना वाटतं, जगातलं प्रत्येक फळ गवतात पिकतं. लिंबाच्या जातीचं नाही पिकत! आतलं सायट्रिक आम्ल मोडणारं एन्झाइम फळ झाडावर असतानाच जोर धरतं, तेही सावकाश. कॉलेजात पोरांना हेच शिकवते. घरात कोण ऐकतंय!

शेवटी म्हणाले, "बरां. डिसेंबरात गोड निघालां तर ठेवतंय. नायतर मंगेशाक करवत घेवन बोलवतंय."

चालेल म्हटलं. बघाच आता!

२७ ऑगस्ट
चतुर्थी. माटवीत यंदा आमचं पपनस नाही. एकही काढू दिलं नाही. अक्काआत्या फणकारली – "गणपतीपेक्षा तुझा कॉलेज मोठा काय गो?" मी म्हटलं, देवाला आंबटच आवडतं असं कुणी सांगितलं? मोदक मात्र पोटभर खाल्ले.

९ ऑक्टोबर
एक फळ कॉलेजात नेऊन तपासलं. आम्ल जवळजवळ कच्च्या फळाएवढंच. एन्झाइम सुस्त. असू दे, अजून वेळ आहे.

२४ नोव्हेंबर
आम्ल मोजायला पुन्हा टायट्रेशन केलं. मग परत केलं. आम्ल हटायला तयार नाही! आढीचं माझं म्हणणं खरं, पण हे झाडच तसलं. बियेचं रोप, कसं निघेल सांगता येत नाही. प्रयोगशाळेचं दार लावून रडले. रागानेच.

बाबांना खोटा आकडा सांगणं सोपं होतं. त्यांना काय कळणार होतं? नाही सांगितला! जेवताना तोंडावर म्हटलं – आंबटच राहणार. मी हरले. तोडा. पण यापुढे लिंबाच्या जातीचं काही आढीत घालायचं नाही!



१२ डिसेंबर
मंगेश करवत घेऊन आला. बाबांनी आधी एक पपनस उतरवलं, सोललं, सगळ्यांसमोर फोड तोंडात टाकली. डोळे गच्च मिटले. डोळ्यांतून पाणी आलं. तरी गिळली.

"गोड आसा," म्हणाले. "जा रे मंगेशा."

दादाने फोड मागितली, तर दिली नाही. अख्खं पपनस एकट्याने संपवलं.