चार गाड्या आणि एक शेंगापोळी

मंगळवार, संध्याकाळ

हसू की रडू?

आमच्या चार छोट्या विनाचालक गाड्या एकमेकींना धडकणार नाहीत, हे मी कागदावर सिद्ध केलंय. वरून हुकूम देणारं कुणी नाही, जिचं तिनं बघायचं. आज प्रयोगशाळेत आखलेल्या चौकात त्या चारही बाजूंनी सोडल्या. चौघी थांबल्या. थांबल्याच! नियम माझाच: समोर कुणी दिसलं की आधी त्याला जाऊ द्यायचं. धडक नाही हे खरं, पण एकही हलेना. उद्या तपासणी समितीला काय दाखवू, उभ्या गाड्या?

वैतागून आम्ही चौघं डबा उघडून बसलो. अक्कलकोटच्या बसवराजसरांनी शेंगापोळ्या आणलेल्या. शेवटची एक उरली.

"मॅडम, तुमी घ्या की."

"छे, सर, तुम्हीच."

पोळी तिथेच. गाड्याही तिथेच.

शेवटी विभागप्रमुख बाई दारातून ओरडल्या, "अहो, उचला की कुणीतरी!"

चारही हात एकदम डब्यात. माझं बोट अजून दुखतंय. पोळीचा चुरा झाला, आणि कुणाला न विचारता बसवराजसरांनी त्याचा बकाणा भरला.

तेव्हा उजेड पडला. सगळ्याच सभ्य असून कसं चालेल? लाल गाडीला आज बसवराजसरांचा स्वभाव देते.