पाहणाऱ्याने उजवीकडे लिहावे

३, सोमवार
आले एकदाची ताईकडे! बॅग टेकवते न टेकवते तोच तिनं गळ्यातलं स्टॉपवॉच दाखवलं. शाळेत खेळाची बाई होती ती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण ते घड्याळ काही गळ्यातून उतरत नाही. आता तुझे झटके मोजायला कामाला येईल, म्हणाली. दोघी पोट धरधरून हसलो.

मला आईची खोली मिळाली आहे. उंच पलंग, खिडकीला जाळी, उशाशी घंटी. ताईनं नऊ वर्षं आईचं सगळं इथंच केलं. आई गेल्यापासून हातांना काही सुचत नाही, असं ती स्वतःच सांगते. न्हाणीघराची आतली कडी काढा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ताईनं माझ्या खोलीचीही काढून टाकली. तिचं सगळं एक पाऊल पुढेच असतं.

वही डॉक्टरीणबाईंनी दिली आहे. डावं पान रुग्णानं लिहायचं, उजवं पाहणाऱ्यानं. मुद्रितशोधिकेच्या हाती कोरी वही दिली तर ती गप्पा मारणारच. वीस तारखेपर्यंत एकही झटका आला नाही, तर एक तारखेला छापखान्यात परत रुजू! स्वल्पविरामांनी माझी खुर्ची राखून ठेवली आहे. हे आमचे व्यवस्थापक. वाक्याच्या मध्येच थांबतात, म्हणून हे नाव.

४, मंगळवार
माझं दुखणं ताईला समजावलं. माझ्या वाट्याला तीन तऱ्हा आहेत. पहिलीत मी शुद्धीवर असते. जळक्या रबराचा वास येतो, पोटातून लाट वर चढते, पण सगळं कळतं. कधी ती तिथंच विरते, कधी पुढच्या तऱ्हेत नेऊन सोडते. दुसरीत डोळे उघडे असतात, पण मी नसते. हात उगाच बटणं चाचपतात, तोंड एकच शब्द घोळवतं, पाय चालूही लागतात, आणि नंतर काही म्हणजे काही आठवत नाही. तिसरी सगळ्यांच्या ओळखीची, अंग ताठ होऊन झटके. तेव्हा कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर रुग्णवाहिका. आणि गोळी चुकवायची नाही. चुकली की झटक्याला दार उघडंच.

ताईनं मन लावून ऐकलं. दुसऱ्या तऱ्हेबद्दल मात्र पुन्हा विचारलं. म्हणजे ते तुला कळणारच नाही, मला एकटीलाच कळेल? मी हो म्हटलं.

७, शुक्रवार
उजव्या पानावर पहिली नोंद पडली. 'दु. ३.२०. दुसरा प्रकार. दोन मिनिटं. "येते, येते" पुटपुटत दाराकडे गेली.'

मनाला फार लागलं. मला आठवतं ते एवढंच, की मी पत्र टाकायला निघाले होते आणि 'येते गं' म्हटलं होतं. घराबाहेर पडताना माणूस दुसरं काय म्हणणार? 'जाते' म्हटलेलं आईला खपायचं नाही. पण ताई म्हणते, हाक मारली तरी ओ दिली नाहीस. असेलही. ती कशाला खोटं बोलेल?

११, मंगळवार
आणखी तीन नोंदी. तिन्हींत 'येते', तिन्हींत दार. डॉक्टरीणबाईंना फोन ताईच करते. गोळ्या आता तिच्या कपाटात असतात. बाहेरच्या दाराला कुलूप आहे, किल्ली स्टॉपवॉचच्या दोरीला. चुकून रस्त्यावर गेलीस तर, म्हणते, आणि डोळ्यांत पाणी आणते.

१४, शुक्रवार
आज परीक्षा घेतली. ताईची की माझी, कोण जाणे. दुपारी चार वाजल्यापासून पाचपर्यंत सोबत आणलेली मुद्रितं तपासली, दर पानावर वेळ टाकली. अकरा पानं झाली, खंड नाही. उजवं पान म्हणतं, ४.३५ला झटका. ४.३५ला मी एक दीर्घ वेलांटी ऱ्हस्व करत होते! शुद्ध हरपलेल्या माणसाला ऱ्हस्व-दीर्घ दिसतं का?

ताईला पानं दाखवली. तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला. म्हणाली, आईसुद्धा असंच पुरावे दाखवायची.

१७, सोमवार
गोळी गोड लागली. आधीची कडू होती. ताई म्हणते, तुझ्या तोंडाची चव गेली.
स्वल्पविरामांचा फोन आला. बुधवारी चारला भेटायला येणार. ताई गोड बोलली त्यांच्याशी.

१८, मंगळवार
ताई अंघोळीला गेली म्हणून उजवं पान उलटलं. 'बुधवार, १९. दु. ४.१०. तीन मिनिटं. पाहुण्यांदेखत. "येते" म्हणाली.'

आज अठरा आहे. चुकलेल्या तारखा पकडण्यात माझी हयात गेली. ही चुकलेली नाही.

भीती वाटते. आजही गोळी गोडच. थुंकली, पण कडू कुठून आणू?

१९, बुधवार
आले ते. चार वाजता. वही मांडीवर ठेवली आहे.

४.०९ — बॅग उचलली. ताई, येते मी, म्हटलं. टिक. तिनं घड्याळ चालू केलं. हळूच त्यांना म्हणाली, सुरू झालंय, एवढंच बोलते, अडवू नका. त्यांनी मान खाली घातली. मग तेही माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं —

४.१० — बसले. लिहिते आहे. अक्षर बघा, सरळ आहे. झटक्यात असं लिहिता येत नाही. स्वल्पविराम, वही तुम्हालाच देणार. उजवीकडची तारीख-वेळ बघा, ती नोंद कालपासून आहे. गोळ्या डॉक्टरीणबाईंना दाखवा. मला इथून —

४.११ — त्यांनी हात पुढे केला. वही मागताहेत. त्यांना पटतंय. देते, एवढं वाक्य पुरं

रबर

कुणीतरी रबर जाळलं — नाही. नको. आत्ता नको. ते बघताहेत —

चढतंय. ही पहिली तऱ्हा आहे, मी आहे अजून, मला कळतंय, मला घेऊन चला, मी येते, येते, येते, ये