मीटरवरची लाल रेघ

बाबा, गेल्या मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी बर्फाच्या कारखान्यातल्या नव्या इंजिनियरने तुमच्या मीटरच्या काचेवरची लाल रेघ ब्लेडने खरवडून काढली. मी समोर उभी होते. लेक डबा विसरली म्हणून गेले होते. तुम्ही जिच्यापाशी उभा जन्म काढलात, त्याच मोटरवर आता तुमची नात ड्यूटी करते.

ती रेघ माझ्या नेलपॉलिशची. कॉन्व्हेंट शाळेत असले रंग चालत नाहीत म्हणून तुम्ही बाटली हिसकावलीत, चार शब्द सुनावलेत आणि तोच रंग मीटरवर ओढलात. फील्डचा, म्हणजे मोटरच्या चुंबकाचा, करंट वाढवला की इतर मोटरींनी बिघडवलेला पॉवर फॅक्टर, म्हणजे विजेचा किती भाग कामी येतो ते प्रमाण, ही एकटी सावरते, हे तुम्ही स्वयंपाकघरात बांगडे साफ करता करता शिकवलंत. आणि कमी केला तर? "भार आला की तिची पकड सुटते. काटा रेघेच्या खाली न्यायचा नाही, बाय."

आता तो करंट नवं पॅनेल आपोआप कमीजास्त करतं. खाली कुठे थांबायचं ते त्यात भरलंय का, असं मी विचारलं. इंजिनियर हसला. "आजी, पॅनेल पॉवर फॅक्टर बघतं. तुम्ही घरी आराम करा." मी म्हटलं, माझा आराम रिटायर झाल्यापासून चालूच आहे, तुम्ही कामाला कधी लागताय? लेकीने मान खाली घातली. पण रिक्षात मी हिशेब मांडत बसले. इतर मोटरी बंद असताना, पॉवर फॅक्टर ठीक दिसतो म्हणून, पॅनेल करंट उतरवत गेलं आणि तेवढ्यात कॉम्प्रेसरवर भार आला तर? लेकीच्या डोक्यावरून विषारी अमोनियाचे पाइप जातात. तेव्हापासून ती परत येईपर्यंत मी दारातून हलत नाही.

कारखान्याला पत्र लिहिलंय. एका ओळीवर अडले आहे: हे मला कसं ठाऊक? रेघ ओढलीत त्याच आठवड्यात मी कारखान्यात आलेली, तुम्ही हात धुवायला गेलेले असता. बाटलीचा राग माझ्या डोक्यात असतो. मी करंटचं हँडल फिरवून काटा रेघेच्या पार खाली नेते. मोटर घोगरी कण्हते, फरशी हादरते, सगळं बंद. तुम्ही धावत येता, आधी माझे हात उलटेपालटे करून बघता, मग ड्यूटीच्या वहीत लिहिता, व्होल्टेज पडलं.

व्होल्टेज पडलं नव्हतं, बाबा. कारखान्याकडून शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर मागितलंय. हा कागद कुठल्याच टपालपेटीत पडणार नाही, तरी तुम्हालाही तीच मुदत. लेखी कळवा, तुम्हाला ठाऊक होतं ना?