आखाजीतली कुलपं

१२ जुलै ९८, रविवार
बमरोलीला बायकांचा वर्ग. कमल उशिरा आली, पाटी काढलीच नाही. शहराच्या निवडणुकीच्या नव्या यादीत तिचं नाव नाही. तिच्या ओळीतल्या अकरा खोल्यांपैकी कुणाचंच नाही. "ताई, मी काय मरी गऊ का?" सगळ्या हसल्या. ती नाही.
कारण नंतर कळलं. यादीवाले आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात फिरले. आखाजीला खानदेशातली सासुरवाशीण माहेरी न जाता सुरतेत राहील कशी? ओळभर कुलपं. घर बंद, नाव बाद.

१९ जुलै
यांचे जुने मित्र, वकील नानुभाई, येऊन गेले. म्हणाले, "भाभी, विधानसभेच्या यादीचा कायदा दिल्लीचा. शहराच्या यादीचा गांधीनगरचा. तो बदलता येईल." दोनच कलमं मागायची. दारावर नोटीस लावल्याशिवाय नाव कापायचं नाही. घर बंद दिसलं तर सणानंतर दुसरी फेरी.
"एवढंच?"
"एवढं झालं तरी पेढे वाटीन."
इंग्रजी मसुदा मी लिहिला. आधी समास आखला. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर ॲग्नेस समास नसलेली वही परत करायच्या. त्यांना आवडला असता.

२ ऑगस्ट
आमदारांकडे. माणूस बरा. चहा दिला, मसुदा शेवटपर्यंत वाचला. "बेन, लखाण बहु सरस. हवे गुजरातीमां लावो." आता गुजरातीत करून न्यायचं आलं. स्वतःच्या नावाने विधेयक मांडायला तयार आहेत. सोबत नाव कापलेल्या एका बाईचं प्रतिज्ञापत्र हवं. कमलचं देऊ म्हटलं. बोलायला पटाईत.

४ ऑगस्ट
नानुभाईंनी कमलला सहज विचारलं, "गावच्या यादीत नाव आहे?"
"शे ना! सासूने कापू दिलं नाही."
झालं. दोन ठिकाणी नाव चालत नाही. आधी गावचं काढायचा अर्ज द्यावा लागेल. बाकी दहाजणींचंही तेच. हे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं.
कमलला धास्ती थोरल्या दिराची. "जेठ म्हणतील, नाव काढलं म्हणजे घरातला वाटा सोडला."
यादीने वाटा जात नाही, मी समजावलं.
"तुमच्या कायद्यात नाही जात, ताई. आमच्या ओट्यावर जातो."
घरी आले. दारावर यांच्या नावाची पाटी. हे जाऊन सहा वर्षं झाली, मी ती काढलेली नाही. कुणाला काय सांगायचं.

२३ सप्टें.
अधिवेशन संपलं. विधेयकाचा नंबर लागला नाही. नानुभाई म्हणाले, बरंच झालं, प्रतिज्ञापत्र कुठे होतं?

७ फेब्रु. ९९
आमदारांचा फोन. प्रतिज्ञापत्राशिवाय विधेयक घेऊन उभे राहणार नाहीत. "विरोधपक्षवाळा कहेशे, दोन-दोन मतं मागता." त्यांचं बरोबर आहे. कमलला मी आग्रह केला नाही. वर्गात आता ती आपलं नाव न बघता लिहिते. 'क'ला वळण छान.

१२ एप्रिल
कमल उद्या गावी, आधी सासरी, मग माहेरी. आपणहून म्हणाली, "द्या तो कागद." गावचं नाव काढायचा अर्ज मी मराठीत लिहून ठेवला होता. तिने तो पातळाच्या घडीत ठेवला.
"सासूला विचारते. नाही म्हणाली तर?"
"तर सही न करता परत आण."
"आणि इकडे यादीवाले आले तर?"
रात्री अकराही नावं एका कागदावर उतरवली. आखाजीला मीच बसेन तिथे.

१८ एप्रिल, रविवार. आखाजी
चार दिवस झाले, रोज बमरोलीला जातेय. घडीची खुर्ची, पाण्याची बाटली, अकरा नावांचा कागद. अकरा कुलपं. पलीकडे यंत्रमागांची खडखड, सुट्टी त्यांना नाही. माझ्या आईच्या अंगणातला आखाजीचा झोका आठवत बसले. आमरस केलाच नाही यंदा.
दुपारी यादीवाला आला. तरुण, घामाघूम. कुलपं बघून परत फिरत होता. मी हाक मारली.
"तमे कोण, माजी?"
"शेजारीण." (खोटं. अडाजणला राहते मी.)
अकराही नावं वाचली, कमलचं पहिलं. म्हटलं, माहेरी गेल्यात, आठवड्यात येतील. त्याने खिशातून पेन्सिल काढली. ओळीने सगळी लिहिली.
"पेनने लिही ना, दीकरा."
"ए लोको आवे, पछी." त्या आल्यावर पेन.
कमलची गाडी शनिवारी.