ताटातल्या गोल गोळ्या

ता. ३ मार्च

चि. भाचीबाईंस,
अ. उ. आशीर्वाद.

फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतेस आणि मागून टाइप केल्याचा आवाज येतो. माझे कान अजून शाबूत आहेत.

मामीनं परवा विचारलं, पोरगी प्रयोगशाळेत करते तरी काय? मी सांगितलं, तेल भरलेल्या गोळ्या काचेच्या नळीतून सरकवते आणि त्यांचे फोटो काढते. मामी म्हणाली, याचा पगार मिळतो? म्हटलं, वर रजाही मिळते.

असो. आपल्या कारखान्यातल्या औषधी तेलाच्या बारीक गोळ्या एका मोठ्या इस्पितळाला हव्यात. ज्यांना गिळता येत नाही त्यांच्या नाकातल्या नळीतून त्या पोटात सोडायच्या. आतलं औषध कडक, पोटात सांडलं तर जाळतं. गोळी पुढं आतड्यात गेल्यावरच विरघळायला हवी. जावईबापूंनी चाचणी घेतली. नळीखाली ताट धरलं, सगळ्या गोळ्या गोल आणि अखंड उतरल्या. तुझ्या संस्थेच्या कागदावर तेवढं लिहून सही कर. नमुना पाठवलाय.

लोभ आहेच, तो जरा कामाला येऊ दे.
तुझा मामा

ता. ११ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

गोळ्या पोचल्या. फोटोही काढले.

भाऊजींच्या ताटाचं वाचून हसू आलं. मुलाचा भांग बघून त्याला गणितात पास करावं, तसं आहे ते. नळीत गोळी गोल नसतेच. अरुंद तोंडातून शिरताना ती लांबुडकी होते, पुढून फुगीर आणि मागून वाटीसारखी खोलगट. गोळी ढकलायची नळीची पिचकारी भाऊजी हलक्या हातानं दाबत असणार. घाईतली नर्स जोरात दाबते. तेव्हा ती खळी आणखी खोल जाते आणि कवच ताणून एखाद्या जागी पातळ पडतं. बाहेर आली की गोळी पुन्हा गोल! ताटात शहाण्यासारखी बसते आणि थोड्या वेळानं तेल सोडते. माणसाच्या बाबतीत, पोटातच.

सही करणार नाही. मामीला नमस्कार. आशीर्वाद असावा, रागासकट चालेल.
आपली भाची

ता. १५ मार्च

चि. भाचीस,
आशीर्वाद. अनेक नाहीत, एकच.

माझ्या घरात लहानाची मोठी झालीस आणि मलाच अक्कल शिकवतेस. ही ऑर्डर गेली तर नवं यंत्र गंजत पडेल, हे तुला ठाऊक आहे. जावईबापूंनी एक प्राध्यापक गाठलेत. गृहस्थ एवढे विद्वान की त्यांना गोळी बघावीही लागली नाही. सही आधी केली, मजकूर मागून विचारला.

तुझ्यावाचून अडलेलं नाही.
मामा

ता. १९ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

प्राध्यापकांची सही सुंदर असते, एवढं मान्य. माझी एकच विनंती. इस्पितळाचे लोक येतील तेव्हा पिचकारी तुम्ही दाबा, जोरात. आणि चहा होईपर्यंत ताट उचलू देऊ नका.
आपली भाची

ता. २७ मार्च

चि. भाचीस,
अ. उ. आशीर्वाद.

मंडळी आली. जावईबापूंनी पिचकारीला हात घातला. मी म्हटलं, तुम्ही बोलायचं बघा, त्यात तुमचा हात कोणी धरणार नाही. मीच दाबली, तू सांगितलंस तशी जोरात. गोळ्या गोल उतरल्या. प्राध्यापकांनी टाळी वाजवली, बापू ताट उचलायला धावले. मी ते खाली ठेवायला लावून चहा मागवला. इस्पितळाच्या मोठ्या नर्सबाई तेवढ्या चहा सोडून ताटाकडं बघत बसल्या.

कप रिकामे होईतो ताटात तेलाचा तवंग. प्राध्यापकांचं निदान असं की ताट नीट धुतलेलं नसावं. त्यांना आणखी एक कप दिला, तोंड त्यात गुंतलं. बापू माझ्या कानाशी कुजबुजले की पोटात कोण बघायला जातंय. इतक्या हळू बोलले की बाकी कुणाला ऐकू गेलं नाही. म्हणून मी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं पुन्हा सांगितलं.

ऑर्डर गेली. यंत्र झाकून ठेवलंय. लेक रडून सासरी गेली. जावईही तिच्याबरोबर गेले, तेवढं एक बरं झालं.

सोबत जाड कवचाच्या गोळ्या आहेत. जोरात दाब. फुटल्या तर ‘फुटल्या’ असंच लिही. निघताना नर्सबाईंनी विचारलं होतं, सही करायला कोणी नकार दिला होता का? मी म्हटलं, माझ्या भाचीनं. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी तिचा कागद आणा.

लोभ ठेव, कमी पडला तर मामीकडून घे.
तुझा मामा